किल्लारीची घरे

उर्दूत आपण ज्याला जलजला म्हणतो, त्याला मराठीत भूकंप म्हणतात. 'भू' म्हणजे जमीन आणि 'कंप' म्हणजे थरथर. जुनी माणसे धरणीकंप असेही म्हणतात. मुलांनो, या पाठात जमीन, इमारत, मदत, जखमी, खबर असे शब्द येतील. त्यांच्यासाठी तुम्हाला शब्दकोश उघडावा लागणार नाही. ते जसे तुमचे आहेत, तसेच मराठीचेही आहेत.

भूकंपाने एखादे गाव उद्ध्वस्त झाल्याचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ऐकिवात नाही. पण जमीन हलणे म्हणजे काय, हे अनेकांनी अनुभवले आहे. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे सहा वाजून गेल्यावर शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. रमजानचे दिवस होते. सहेरी आणि फजर आटोपून काही लोक नुकतेच पुन्हा आडवे झाले होते. पैनगंगेच्या अलीकडे उमरखेड, पुसद, महागाव या भागांतही धक्के जाणवले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तसेच झाले. माणसे घाबरून घराबाहेर आली, थोड्या वेळाने परत आत गेली. वणीकडच्या मुलांना कदाचित याचे नवल वाटणार नाही, कारण कोळशाच्या खाणीत सुरुंग उडाला की त्यांच्या खिडक्या हादरतात. मात्र सुरुंगाचा हादरा जवळपासच विरतो. भूकंपाचा धक्का शेकडो किलोमीटर जातो.

आता यापेक्षा फार मोठ्या भूकंपाची माहिती घेऊ.

उमरखेडपासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटरवर लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात किल्लारी हे गाव आहे. २९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस होता. गावोगावी गणपतीचे विसर्जन झाले. मिरवणुका संपवून लोक रात्री उशिरा घरी आले आणि गाढ झोपी गेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमिनीतून मोठा आवाज झाला व घरे हलू लागली. काही सेकंदांत सारे संपले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील अनेक गावे दगडमातीचे ढीग होऊन पडली. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे ७,९०० माणसे मरण पावली. काही अंदाजांत हा आकडा दहा हजारांच्या जवळ जातो. जखमींची संख्या सोळा हजारांच्या आसपास होती. गोठ्यात बांधलेली हजारो जनावरे गेली ती वेगळीच.

या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. तुम्ही म्हणाल, ४.५ आणि ६.२ यांत दोनाचाही फरक नाही. पण हे माप साधे नाही. तीव्रता एक अंकाने वाढली की बाहेर पडणारी शक्ती सुमारे ३२ पट होते. या हिशेबाने किल्लारीची शक्ती हिंगोलीच्या त्या धक्क्याच्या सुमारे साडेतीनशे पट होती. शिवाय ती जमिनीखाली फार खोल नव्हती. दहा-बारा किलोमीटरवरच खडक तुटला होता.

खडक का तुटतो? पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते फार सावकाश सरकतात. भारताचा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात साधारण तेवढ्या गतीने, उत्तरेकडे सरकतो आहे. तिकडे त्याला आशियाचा तुकडा अडवतो. या रेटारेटीत हिमालय उभा राहिला. म्हणून हिमालयात भूकंप झाला तर नवल वाटत नाही. पण तोच ताण थोडाथोडा आपल्या दख्खनच्या खडकातही साठतो. जिथे खडकात जुनी भेग असते, तिथे तो एक दिवस सहन होत नाही.

दख्खनचा काळा पाषाण मजबूत, त्याला भूकंपाचे भय नाही, असे पूर्वी मानत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला, तेव्हा या समजुतीला तडा गेला. तरीही बांधकामाच्या नकाशावर किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. १९९२ साली, मोठ्या भूकंपाच्या एक वर्ष आधी, किल्लारीला लहान लहान धक्के बसत होते. काही घरांना तडेही गेले होते. पुढे काय होणार, हे त्यावरून सांगता येत नव्हते. पुष्कळदा असे धक्के येतात आणि थांबतात. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आजही जगात कोणाकडे नाही. उद्या अमुक वाजता भूकंप येणार, अशी खबर कोणी फोनवर पाठवली तर ती अफवाच समजा.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडले. वरचा काळा पाषाण ३३८ मीटरला संपला आणि त्याखाली फार प्राचीन खडक लागला. आपण ज्या जमिनीवर उभे असतो, तिच्या पोटात काय आहे हे कळण्यासाठी असे कष्ट घ्यावे लागतात.

परंतु मुलांनो, जमीन हलल्याने माणूस मरत नाही. मोकळ्या शेतात उभा असलेला माणूस फार तर खाली पडेल. माणसे मेली ती घरांमुळे. ती घरे कशी होती, ते नीट पाहू.

मराठवाड्यातील भिंती दोन-अडीच फूट जाड असत. एवढी जाड भिंत पाहिली की कोणालाही ती भक्कम वाटेल. प्रत्यक्षात ती एक भिंत नव्हतीच. आतल्या बाजूला दगडांची एक रांग, बाहेरच्या बाजूला दुसरी, आणि मध्ये बारीक दगड व माती भरलेली. दगड बसवायला सिमेंट किंवा चुना नव्हता, मातीचाच चिखल होता. भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पोचेल असा लांब दगड मध्ये मध्ये घातला असता, तर दोन्ही रांगा एकमेकींना धरून राहिल्या असत्या. तसे दगड बहुतेक घरांत नव्हते. जमीन हलली, तेव्हा दोन्ही रांगा फुगल्या आणि सुटल्या.

छतावर लाकडी फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर असे. त्याला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात ते घर थंड राहते. पण पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला दरवर्षी नवी माती टाकायची, म्हणजे ओझे वाढतच जायचे. ते सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

विचार करण्याजोगी गोष्ट अशी की गरिबांच्या कुडाच्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी टिकल्या. कुड हलका असतो, वाकतो, आणि पडला तरी त्याखाली माणूस दबून मरत नाही. दगडी वाडे मात्र कोसळले.

सकाळी खबर पसरली. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तिथे पोचले. सैन्य आले, डॉक्टर आले, गावोगावचे स्वयंसेवक आले. त्यात पाऊस सुरू झाला व कच्चे रस्ते चिखलाचे झाले. मंगरूळ गावात सैनिकांना ढिगाऱ्यात एका खाटेखाली अठरा महिन्यांची मुलगी चार-पाच दिवसांनंतर जिवंत सापडली. खाटेने तिच्याभोवती थोडी जागा राखली होती. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. सगळ्या देशातून मदत आली, पण सगळीच उपयोगी नव्हती. वापरून टाकून दिलेल्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. नुसते बघायला आलेल्या लोकांच्या गाड्यांनी रस्ते अडले. मला वाटते, संकटाच्या जागी बघ्यांनी न जाणे हीसुद्धा मदतच आहे.

पुढचे काम अधिक कठीण होते. १९९४ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली. ज्याला जमीन नाही किंवा थोडी आहे त्याला २५० चौरस फुटांचे घर, मध्यम शेतकऱ्याला ४०० चे आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५० चे, असा नियम होता. घरे मजबूत झाली. परंतु नवी गावे शहरातील वसाहतीसारखी सरळ रेषांत आखली होती. रस्ते रुंद, घरे दूरदूर. भावकी विखुरली, शेत लांब पडले, ओसरीवर बसून समोरच्या घराशी बोलणे बंद झाले. घर मिळाले तरी गाव मिळायला वेळ लागतो.

उरलेल्या गावांत दीड लाखांहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त करण्यात आली. हे काम मला जास्त महत्त्वाचे वाटते. सरकार पैसे देई, घरमालक स्वतः काम करून घेई. दारे-खिडक्यांच्या वर साऱ्या भिंतींना बांधणारा सलग पट्टा कसा घालायचा, जोडदगड कुठे बसवायचे, हे गवंड्यांना शिकवले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हजारावर गावांत स्त्रियांना पुढे आणले. कधी ग्रामसभेत न बोललेल्या बायका सिमेंट किती आणि वाळू किती, हे गवंड्याला विचारू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या अशाच काही स्त्रिया तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि माहिती सांगायला गेल्या.

२००२ साली नकाशा बदलला आणि किल्लारीचा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात घेतला गेला.

आता आपल्या घराकडे पाहा. धक्का जाणवला तर पक्क्या इमारतीत खाली वाका, मजबूत टेबलाखाली जा, डोके झाका आणि टेबलाचा पाय धरून ठेवा. जिन्याकडे पळू नका. घर मातीचे किंवा दगडमातीचे असेल आणि दार जवळ असेल, तर मात्र ताबडतोब मोकळ्या जागेत या. जड पेट्या आणि धान्याचे डबे झोपण्याच्या जागेवरील फळीवर ठेवू नका.

आपल्याकडे पुष्कळ घरांवर टिनाचे पत्रे असतात. वादळात ते उडू नयेत म्हणून आपण त्यांवर दगड ठेवतो. मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने लोकांना हे दगड काढून घ्यायला सांगितले होते. पत्रे वाऱ्याने उडू नयेत, हे खरेच. त्यासाठी ते खालच्या लाकडाला किंवा लोखंडी नळीला हूक आणि नटाने आवळून बसवता येतात. तुमच्या घराच्या पत्र्यावर किती दगड आहेत आणि ते कोणाच्या अंथरुणाच्या वर येतात, हे आज घरी गेल्यावर मोजा.