रक्तातील मेद आणि आजोबांचे जन्मगाव

मॉरिशस बेटावर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. मजुराचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, वय, उंची आणि ज्या जहाजाने तो आला त्याचे नाव, एवढा तपशील त्यांत सापडतो. आपले पूर्वज मॉरिशसला गेले असोत, गयानाला गेले असोत वा त्रिनिदादला, त्यांची लेखी खूण बहुधा अशा एखाद्या वहीतील एका ओळीपुरतीच उरलेली असते. त्यांच्या रक्तात काय होते, हे लिहून ठेवण्याचे कोणाच्या मनात येण्याचे त्या काळी कारणच नव्हते. परंतु आज अमेरिकेत नेमक्या ह्याच गोष्टीची एक नवी वही लिहिली जात आहे. तीत आपली ओळ आहे की नाही, हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. एका रोगाच्या उदाहरणाने तो स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला पौरुषग्रंथी म्हणतात. दवाखान्यात तिचे प्रोस्टेट हे नाव रूढ आहे. अमेरिकेत साधारणपणे दर आठ पुरुषांपैकी एकास आयुष्यात केव्हा तरी ह्या ग्रंथीचा कर्करोग असल्याचे निदान होते. पुष्कळांच्या बाबतीत तो इतका मंदगती असतो की त्यापासून फारसा उपद्रव होत नाही. काहींच्या बाबतीत मात्र तो हाडांत पसरून प्राण घेतो. आपल्या घरांतून ह्या विषयी बोलण्याचा संकोच इतका की, वडिलांना काय झाले होते हे मुलास त्यांच्या पश्चातच कळावे!

आता रक्तातील मेदाकडे वळू. कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड हे शब्द आज घरोघरी माहीत आहेत. ह्या मेदाने हृदयाच्या रक्तवाहिन्या कोंदतात, हे निर्विवाद आहे. परंतु हाच मेद पौरुषग्रंथीच्या कर्करोगासही खतपाणी घालतो काय? २००६ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीने ही शंका बळावली. १९८६ पासून आरोग्यव्यवसायातील पुरुषांची जी दीर्घ पाहणी चालू होती, तिच्यातील ३४,९८९ पुरुषांचा वृत्तांत तपासला असता, कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन औषधे घेणाऱ्यांत पसरलेल्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्मे आढळले.

तथापि एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. जो मनुष्य नियमाने गोळी घेतो, तो वैद्याकडेही नियमाने जातो. त्याच्या तपासण्या वेळेवर होतात, आणि रोग पसरण्यापूर्वीच सापडतो. मग श्रेय गोळीचे की दक्षतेचे? उलट बाजूने, शरीरात वाढणारा कर्करोगच रक्तातील कोलेस्टेरॉल खाली आणू शकतो. कारण कोणते व कार्य कोणते, हे केवळ निरीक्षणाने सांगता येत नाही.

ह्या पेचातून वाट दाखविणारे एक छोटेसे पत्र १९८६ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते मार्टिन कातान ह्या डच शास्त्रज्ञाचे होते. त्या वेळी वाद असा होता की, कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होतो की काय? कातान ह्यांनी सुचविले की, काही माणसांत एका जनुकाच्या विशिष्ट रूपामुळे कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी असते. कमी कोलेस्टेरॉल हे खरोखरच कारण असेल, तर कर्करोग्यांत हे रूप अधिक प्रमाणात आढळले पाहिजे. रोग झाल्यामुळे मनुष्याचे जनुक बदलत नाही. त्यामुळे येथे कारण व कार्य ह्यांची अदलाबदल होण्याचा संभव राहत नाही.

ह्या युक्तीचे मूळ मेंडेलच्या वाटाण्यांच्या प्रयोगांत आहे. आईबापांच्या जनुकांच्या जोडीतील कोणते अपत्यास मिळावयाचे, हे गर्भधारणेच्या क्षणी चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. त्या चिठ्ठीला श्रीमंती कळत नाही, आहारविहार कळत नाही. म्हणजे निसर्गानेच माणसांचे दोन गट पाडून प्रयोग मांडलेला असतो. आपण फक्त त्याचा निकाल वाचावयाचा. २००३ पासून ही पद्धती 'मेंडेलीय यादृच्छिकीकरण' ह्या भारदस्त नावाने प्रचारात आली.

हीच पद्धती पौरुषग्रंथीच्या प्रश्नास लावण्यात आली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७९,१४८ रोगी व ६१,१०६ निरोगी पुरुषांच्या जनुकीय माहितीचा उपयोग केलेला होता. निकाल थोडा अनपेक्षित होता. नेहमीचे कोलेस्टेरॉल किंवा ट्रायग्लिसराइड ह्यांच्यामुळे हा कर्करोग होतो, असा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. परंतु 'लायपोप्रोटीन ए' नावाच्या एका घटकाचे प्रमाण ज्यांत जन्मतःच अधिक, त्यांत धोका किंचित अधिक दिसला. १९६३ साली नॉर्वेचे कोरे बर्ग ह्यांनी शोधलेला हा घटक मुख्यतः अनुवंशावर अवलंबून असतो. पथ्याने वा स्टॅटिनने तो उतरत नाही.

येथेही सावधगिरी आवश्यक आहे. ज्या जनुकावर हा घटक ठरतो, त्याच्या शेजारच्याच जनुकाचा ह्या कर्करोगाशी संबंध असल्याचे २००८ पासून ठाऊक आहे. तेव्हा दोष घरमालकाचा की शेजाऱ्याचा, हे अजून नीट ठरावयाचे आहे.

आपल्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या अभ्यासातील पुरुष युरोपीय वंशाचे होते. आणि लायपोप्रोटीन ए तर वंशपरत्वे फार बदलते. ब्रिटनमधील एका विशाल संग्रहावरून २०२१ साली दिसून आले की, ह्या घटकाचे मध्यमान गोऱ्यांत १९, दक्षिण आशियाई लोकांत ३१ व कृष्णवर्णीयांत ७५ एकके होते. मग गोऱ्यांच्या रक्तावरून काढलेला निष्कर्ष आपणांस जसाच्या तसा कसा लागू करावा?

संग्रहात कोणाचे रक्त आहे, ह्याला किती महत्त्व असते, हे टेक्सास राज्यातील डॅलस शहराने दाखवून दिले आहे. तेथील हृदयविषयक पाहणीत कृष्णवर्णीय नागरिक मोठ्या संख्येने सहभागी झाले होते. हेलन हॉब्ज व जोनाथन कोहेन ह्यांना त्यांच्यापैकी काहींत एक जनुक निकामी झालेले व कोलेस्टेरॉल फार कमी असलेले आढळले. २००६ साली असे दिसले की, अशा कृष्णवर्णीयांत हृदयविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी होते. त्या शोधाच्या आधारे तयार झालेली औषधे २०१५ पासून सर्व वंशांच्या रोग्यांस मिळू लागली. एका समाजाच्या सहभागाचे फळ साऱ्या जगाने चाखले.

अमेरिकेतील दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा अभ्यास करण्यासाठी 'मसाला' नावाची पाहणी २०१० साली सॅन फ्रान्सिस्को व शिकागो येथे सुरू झाली. तीत आरंभी ९०६ स्त्रीपुरुष घेतले गेले. उपक्रम निःसंशय स्तुत्य होता. परंतु प्रवेशाची अट अशी होती की, चार आजी-आजोबांपैकी किमान तिघांचा जन्म भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ वा श्रीलंका ह्यांपैकी एखाद्या देशात झालेला असावा. आपल्यापैकी कितीजणांचे आजोबा तेथे जन्मले? आपल्या आजोबांचा जन्म उसाच्या मळ्यावर झाला. रक्त तेच, जन्मगाव मात्र निराळे. म्हणून आपण दाराबाहेर राहिलो. येथे कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. अट घालताना आपले स्मरणच झाले नाही, एवढेच.

रक्तच सर्व काही ठरविते असेही नाही. १९८७ साली मॉरिशसमध्ये आरोग्याची एक मोहीम सुरू झाली आणि शिधापत्रिकेवरील खाद्यतेल बहुतांशी ताडतेलाऐवजी सोयाबीनचे करण्यात आले. पाच वर्षांत लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ मिलिमोलवर आले. जनुके तीच होती. बदलली ती चूल.

तेव्हा करावे काय? कोलेस्टेरॉल अधिक असल्यास हृदयाच्या रक्षणासाठी उपचार अवश्य घ्यावेत. त्यासाठी कर्करोगाच्या भीतीची गरज नाही. लायपोप्रोटीन एची तपासणी सामान्यतः आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ती वैद्याला विचारून करावी. ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषांनी पौरुषग्रंथीच्या रक्तचाचणीचे लाभ व तोटे वैद्याशी बोलून मग स्वतः निर्णय करावा, असा अमेरिकेतील अधिकृत तज्ज्ञमंडळाचा २०१८ चा सल्ला होता. ज्यांच्या वडिलांस वा भावास हा रोग झाला असेल, त्यांनी ह्याबाबत अधिक लवकर बोलणे हिताचे. त्यासाठी घरातील मौन मात्र सुटले पाहिजे. आणि एखाद्या पाहणीत सहभागाची संधी आली, तर आपल्या वंशाची हकीकत सविस्तर सांगावी. रकाना अपुरा पडल्यास तसे स्पष्ट कळवावे.

आपल्या पूर्वजांची ओळ परक्या कारकुनाने लिहिली. तीत काय लिहावे हे त्यांच्या हाती नव्हते. नव्या वहीतील आपली ओळ आपण स्वतः लिहू शकतो. ती कोरी राहिली, तर त्याचा तोटा आपल्या नातवंडांस सोसावा लागेल.