फ्रेंच क्रियापदाचें एक जुनें रूप

"पाऊस पडावा अशी इच्छा आहे" असें चितेगांवचा शेतकरी ज्येष्ठांत म्हणतो. पुढें तोच "इच्छा होती" म्हणतो, तेव्हांही "पडावा" जसेंच्या तसें राहतें. मराठी विध्यर्थास काळाची पर्वा नाहीं. फ्रेंच ग्रंथभाषेंत मात्र मुख्य क्रियापद भूतकाळीं गेलें कीं विध्यर्थही त्याच्या मागोमाग जातो.

हें रूप साधण्याची युक्ति सोपी आहे. पडणें म्हणजे "तोंबे". "तूं पडलास" याचें ग्रंथांतील रूप "तोंबा". त्याच्या अंतीं "स" लिहितात, पण उच्चारीत नाहींत. त्यापुढें आणखी "स" व "ए" जोडले कीं मुका "स" बोलूं लागतो : "तोंबास". "मी" आणि "ते" यांचाही उच्चार हाच. "आम्ही" असतां "तोंबासियों", "तुम्ही" असतां "तोंबासिए". "तो" तेवढा फसवा! "पडला" आणि "पडावा" दोन्ही "तोंबा"च ऐकूं येतात. लिहितांना मात्र दुसऱ्यांत "आ"वर टोपी चढते व शेवटीं मुका "त" येतो. आमचे विद्यार्थी चुकतात ते बहुधा येथेंच.

मग बोलण्यांतून जवळजवळ गेलेलें हें रूप शिकावें कशाला, असें पालक विचारतात. फ्रेंच शिक्षणखात्यानें १९०१ सालींच कांहीं वाक्यांत त्याऐवजीं वर्तमान विध्यर्थ चालवून घेतला, हें खरें. परंतु व्हॉल्तेअर मुळांतून वाचूं लागलें कीं तें वारंवार भेटतें.