नगरपरिषदांचे सार्वजनिक अहवाल आणि ग्राफिक डिझाईन संस्थेची निवड : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : नगरपरिषदांनी आपल्या कारभाराची माहिती नागरिकांसमोर ठेवणे हे आज कायदेशीर बंधन आहे. ही माहिती वाचनीय व्हावी यासाठी ग्राफिक डिझाईन संस्थेची मदत घेण्याचा विचार पुढे येतो, तेव्हा ते काम छपाईचे समजावे की माहितीच्या मांडणीचे, हा मूलभूत प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कायदेशीर पार्श्वभूमी, संस्थेची निवडपद्धती, करारातील आवश्यक अटी आणि त्यातील धोके यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : नगरपरिषद, माहितीचा अधिकार, वार्षिक अहवाल, माहितीची मांडणी, निविदा, उत्तरदायित्व.

१. प्रस्तावना

स्थानिक स्वराज्य संस्था ही नागरिकाच्या सर्वांत जवळची शासनसंस्था होय. नळाला येणारे पाणी, घरासमोरील नाली, रस्त्यावरील दिवा आणि दरवर्षी हाती पडणारे मालमत्ता कराचे देयक या चार गोष्टींतून सामान्य माणसाला शासनाचा प्रत्यक्ष अनुभव येतो. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा दिला आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय नमूद केले. अधिकार वाढले त्याबरोबरच हिशेब देण्याची जबाबदारीही वाढली.

वर्धा जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) या सहा नगरपरिषदा असून त्यांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये चालतो. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा व हिंगणघाट या दोन्ही शहरांची लोकसंख्या प्रत्येकी एक लाखाहून अधिक होती आणि जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८७ टक्के होते. म्हणजेच वाचू शकणारा नागरिक येथे बहुसंख्येने आहे. परंतु अक्षरे वाचता येणे आणि नगरपरिषदेचा जमाखर्च समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे अंतर कमी करणे हाच सार्वजनिक अहवालाचा खरा हेतू असला पाहिजे.

२. अहवाल प्रसिद्ध करण्याचा कायदेशीर आधार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अमलात आला. या कायद्याचा विचार बहुधा अर्ज करून माहिती मागण्यापुरताच केला जातो. वास्तविक कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागताही स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावयाची असते. याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात माहितीच्या प्रसारासाठी खर्चातील काटकसर, स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काची सर्वांत परिणामकारक पद्धती या बाबी विचारात घ्याव्यात असे म्हटले आहे. कायद्याला केवळ प्रसिद्धी अपेक्षित नसून परिणामकारक प्रसिद्धी अपेक्षित आहे, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीतील अनुदानासाठी नागरी संस्थांवर एक अट घातली. मागील वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे ऑनलाइन स्वरूपात सर्वांसाठी खुले करावेत, अशी ती अट होती. माहिती खुली करण्याचा संबंध यामुळे थेट निधीशी जोडला गेला. भाषेच्या बाबतीत महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ ने स्थानिक संस्थांच्या कामकाजात मराठीचा वापर बंधनकारक केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माहिती दिव्यांगांना वापरता येण्याजोग्या स्वरूपात मिळावी यासाठी शासनाने उपाययोजना करावयाच्या आहेत. हे चारही आधार एकत्र वाचले असता सुलभ, मराठी, सर्वांना वापरता येणारा व खर्चास परवडणारा अहवाल असे त्याचे स्वरूप स्पष्ट होते.

या प्रश्नाला अलीकडचा एक संदर्भही आहे. मुदत संपल्यानंतर राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांवर दीर्घकाळ प्रशासकांची नियुक्ती होती आणि डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन तेथे पुन्हा लोकनिर्वाचित सदस्य आले. ज्या वर्षांत सभागृहात प्रश्न विचारणारे लोकप्रतिनिधी नव्हते, त्या वर्षांचा कारभार समजून घेण्यासाठी नागरिकापाशी लेखी अहवालाखेरीज फारसे साधन उरत नाही.

३. दोन पूर्वपरंपरा : व्हिएन्ना आणि वर्धा

नगरशासनाच्या पाठबळाने आकडेवारी लोकांपर्यंत नेण्याचा जगातील एक महत्त्वाचा प्रयोग व्हिएन्ना शहरात झाला. समाजशास्त्रज्ञ ओटो नॉयराथ यांनी १९२५ मध्ये तेथे समाज व अर्थव्यवस्था यांविषयीचे संग्रहालय उभारले व त्यास नगरशासनाचे साहाय्य लाभले. घरबांधणी, आरोग्य, रोजगार यांची आकडेवारी साध्या चित्रचिन्हांतून मांडण्याची जी पद्धती तेथे विकसित झाली, ती पुढे 'आयसोटाइप' या नावाने ओळखली गेली. या प्रयोगात आकडेतज्ज्ञ आणि चित्रकार गेर्ड आर्न्ट्स यांच्यामध्ये एक तिसरी भूमिका निर्माण करण्यात आली होती. ती मुख्यतः मारी रायडेमाइस्टर यांनी सांभाळली. उपलब्ध आकड्यांपैकी लोकांना काय कळले पाहिजे आणि ते कोणत्या क्रमाने कळले पाहिजे, हे ठरविणे हे या व्यक्तीचे काम होते. १९३४ च्या राजकीय उलथापालथीनंतर व्हिएन्नातील हे कार्य थांबले.

त्याच १९३४ सालच्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे व्यवसायाने लेखापाल होते. गुजरातमधील मातर तालुक्याचे त्यांनी केलेले आर्थिक सर्वेक्षण १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले होते, तर पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक सर्वेक्षण समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. सार्वजनिक पैशाचा हिशेब काटेकोर असावा आणि आकडेवारी सामान्य माणसाच्या जीवनाशी जोडलेली असावी, हा दृष्टिकोन वर्ध्याला नवा नाही. व्हिएन्नातून मांडणीची पद्धती आणि मगनवाडीतून काटकसर व हिशेबीपणा घेतला, तर आजच्या नगरपरिषदेला दोन्ही बाजूंनी मार्गदर्शन मिळू शकते.

४. छपाई आणि मांडणी यांतील भेद

अहवालाचे काम सामान्यतः छपाईचे काम म्हणून दिले जाते. पृष्ठसंख्या, कागदाचा प्रकार, प्रतींची संख्या आणि रंग नमूद करून दरपत्रके मागविली जातात व सर्वांत कमी दराच्या मुद्रकास कार्यादेश दिला जातो. छपाईपुरती ही पद्धत योग्यच आहे. मात्र कोणता तक्ता आधी यावा, अंदाजपत्रकातील तरतूद व प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी दिसावेत की नाही, 'भांडवली खर्च' या संज्ञेचा अर्थ कोठे सांगावा, हे निर्णय पृष्ठाच्या दरात बसत नाहीत. ते कोणीच घेत नाही आणि मग विभागांकडून आलेले तक्ते आहेत त्या स्थितीत एकापाठोपाठ एक जोडले जातात.

ग्राफिक डिझाईन संस्थेचे खरे काम येथे सुरू होते. पाणीपट्टीचे उदाहरण घेता येईल. किती मागणी होती, त्यापैकी किती वसूल झाली, वीजदेयक, जलशुद्धीकरण व दुरुस्ती यांवर किती खर्च झाला आणि तूट कोणत्या रकमेतून भरून काढली, ही माहिती मूळ लेख्यांत वेगवेगळ्या शीर्षांखाली विखुरलेली असते. ती एका पृष्ठावर एकत्र आली तरच नागरिकाला पाण्याचा हिशेब कळतो.

५. आकृतीची विश्वासार्हता

आकर्षक मांडणीत एक गंभीर धोकाही दडलेला असतो. समजा, एखाद्या कराची वसुली एका वर्षी ९० लाख व पुढील वर्षी ९५ लाख रुपये झाली. ही वाढ सुमारे साडेपाच टक्के आहे. स्तंभालेखाची उभी मोजपट्टी शून्याऐवजी ८५ लाखांपासून सुरू केली, तर पहिला स्तंभ ५ एककांचा व दुसरा १० एककांचा दिसेल, म्हणजे वसुली दुप्पट झाल्याचा भास होईल. आकडे खरे असूनही चित्र खोटे ठरेल.

चित्रचिन्हांबाबतही हीच दक्षता आवश्यक आहे. एखादे प्रमाण दुप्पट झाले म्हणून चिन्हाची उंची व रुंदी दोन्ही दुप्पट केल्यास त्याचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणूनच अधिक प्रमाण दाखविण्यासाठी चिन्ह मोठे न करता चिन्हांची संख्या वाढवावी, असा नियम नॉयराथ यांच्या पद्धतीत होता. आकृत्यांविषयीचे असे नियम करारातच नमूद केल्यास अहवाल प्रचारपुस्तिका होण्याचा धोका बराच कमी होतो. पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे व शुभेच्छासंदेश यांना किती पृष्ठे द्यावयाची, हेही त्याच वेळी निश्चित करणे हितावह ठरते.

६. निवडपद्धती व करारातील अटी

केवळ न्यूनतम दर हा निकष बौद्धिक स्वरूपाच्या सेवांसाठी अपुरा पडतो, हे शासकीय खरेदीच्या नियमांतही मान्य झालेले आहे. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये सल्लागार सेवांसाठी गुणवत्ता व खर्च या दोहोंवर आधारित निवडीची तरतूद आहे. या पद्धतीत प्रथम तांत्रिक प्रस्तावास गुण दिले जातात व नंतर आर्थिक प्रस्ताव उघडून दोहोंचा एकत्रित विचार होतो. लहान कामासाठी याच तत्त्वाचे सुलभ रूप वापरता येईल. मागील अहवालातील एकच तक्ता सर्व इच्छुक संस्थांना देऊन त्याची नव्याने मांडणी करून मागवावी, म्हणजे त्यांची आकलनशक्ती प्रत्यक्ष दिसते.

करारात पुढील बाबींचा समावेश असावा.

(१) मूळ मजकूर मराठीतच तयार व्हावा व तो इंग्रजीचा अनुवाद नसावा. मुद्रितशोधनाची जबाबदारी निश्चित असावी.

(२) मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर संगणकावर शोधता येत नाही, तसेच दृष्टिहीनांसाठीच्या वाचन-सॉफ्टवेअरलाही तो नीट वाचता येत नाही.

(३) काम संपल्यावर संपादन करता येण्याजोग्या मूळ फाइल, आकृत्या व आकड्यांचे तक्ते नगरपरिषदेच्या ताब्यात यावेत. प्रतिमुद्रा अधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार सार्वजनिक उपक्रमाच्या निर्देशाखाली झालेल्या कृतीची प्रथम मालकी, वेगळा करार नसल्यास, त्या उपक्रमाकडे असते आणि राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या निगम-संस्थेचाही 'सार्वजनिक उपक्रम' या संज्ञेत समावेश आहे. तथापि कायद्याने मालकी असणे व फाइल प्रत्यक्ष हाती असणे या वेगळ्या बाबी आहेत. फाइल नसेल तर पुढील वर्षी पुन्हा त्याच संस्थेवर अवलंबून राहावे लागते.

(४) प्रत्येक आकडा लेखा विभागाने प्रमाणित केलेला असावा. डिझाईन संस्थेस तो बदलण्याचा, गाळण्याचा वा पूर्णांकात आणण्याचा अधिकार नसावा.

(५) अंतिम छपाईपूर्वी मसुदा काही सामान्य वाचकांना देऊन त्यांना निवडक प्रश्न विचारावेत. उत्तरे सापडत नसतील तर मांडणी दुरुस्त करावी.

७. खर्चाविषयीचा आक्षेप

नाल्या व दिवे यांची कामे प्रलंबित असताना अहवालाच्या मांडणीवर पैसा का खर्च करावा, असा आक्षेप घेतला जाईल व तो रास्त आहे. लहान नगरपरिषदेला हा खर्च दरवर्षी झेपणे कठीण आहे. परंतु जिल्ह्यातील सहाही नगरपरिषदांना एकच अधिनियम लागू असल्याने त्यांच्या माहितीचे स्वरूप बरेचसे समान आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातील नगरपालिका प्रशासनाच्या समन्वयाने एकच नमुना एकदा तयार करून घेतल्यास तो सर्वांना अनेक वर्षे वापरता येईल. दरवर्षी फक्त आकडे बदलावे लागतील. शिवाय एकाच नमुन्यामुळे देवळीच्या नागरिकाला आपल्या शहराची पुलगावशी तुलना करता येईल. गुळगुळीत कागदावरील बहुरंगी मोजक्या प्रतींपेक्षा एका रंगातील चार पानी संक्षिप्त अहवाल प्रत्येक प्रभागात पोहोचणे अधिक उपयुक्त ठरेल.

या कामी महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. वाणिज्य विभागाला आकड्यांची मांडणी तपासता येईल, मराठी विभागाला परिभाषा सुबोध करता येईल, तर समाजशास्त्र व राज्यशास्त्र विभागांना विद्यार्थ्यांमार्फत वाचकचाचणी घेता येईल. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यास त्यातून प्रत्यक्ष उपयोगाचा विषय मिळेल.

८. निष्कर्ष

ग्राफिक डिझाईन संस्थेची नियुक्ती हा सजावटीचा विषय नसून उत्तरदायित्वाचा विषय आहे. नगरपरिषद अशा संस्थेकडून मांडणीचे कौशल्य घेऊ शकते, परंतु आकड्यांच्या सत्यतेची आणि काय सांगावयाचे याच्या निवडीची जबाबदारी तिला बाहेर सोपविता येत नाही. गुणवत्तेवर आधारित निवड, मूळ फाइलींवरील ताबा, आकृत्यांविषयीचे स्पष्ट नियम व वाचकचाचणी या चार बाबी पाळल्या गेल्या, तर झालेला खर्च सार्थकी लागेल. कर भरणाऱ्या नागरिकाला आपल्या पैशाचे काय झाले हे कोणाच्याही मदतीशिवाय अहवालातून कळले, तरच माहितीच्या अधिकाराचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.