एक कोयता, दोन माणसं

बायका आता पुरुषांच्या बरोबरीनं कामं करू लागल्या, असं कुणी कौतुकानं म्हणालं की मला आमच्या जालना जिल्ह्यातले ऊसतोड मजूर आठवतात. दिवाळीच्या सुमारास ते साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोघं ऊस तोडतात, बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून नेते. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हातात पडते आणि पहाटेची चूल तिच्या वाट्याला येते. १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं. पण चुलीपुढं कुणी बसायचं, हे सरकार कसं ठरवणार? एकदा परतीच्या वाटेवर अंबडजवळ थांबलेल्या टोळीत एक तरुण भाकरी थापताना दिसला. बायको ओली बाळंतीण होती. बाकीचे हसत होते. तो थापत होता.