दूरचित्रवाणीचा वार्ताहर

चाकणच्या परिसरात एखाद्या कारखान्याला आग लागल्याची वार्ता पसरली, की रात्रपाळीस गेलेल्या कामगारांच्या घरी सर्वांचा जीव टांगणीला लागतो. कोणी म्हणतो, दहा माणसे आत अडकली. कोणी म्हणतो, वीस. खरे काय, ते घरोघर पोहोचविण्याचे काम दूरचित्रवाणीचा स्थानिक वार्ताहर करतो.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे २००७ साली चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या निघाल्या आणि ठिकठिकाणी वार्ताहरांची गरज भासू लागली.

या व्यवसायात येणारे पुष्कळजण पदवीनंतर पत्रकारितेचे शिक्षण घेतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये असे अनेक पत्रकार घडले. परंतु पुस्तकी ज्ञान पुरेसे नसते. पिंपरी-चिंचवडमध्ये नाना प्रांतांतून कामगार आले आहेत. त्यांच्याशी बोलण्यास मराठीबरोबर हिंदीही चांगली यावी लागते. रस्ते, वस्त्या आणि माणसे ठाऊक असावी लागतात.

घटनास्थळी पोहोचताच चांगला वार्ताहर अग्निशामक दल, पोलीस आणि रुग्णालय यांच्याकडे चौकशी करतो. माहिती जुळेपर्यंत तो आकडा सांगत नाही. मृताच्या घरी कळण्यापूर्वी त्याचे नाव उच्चारीत नाही. एका नावाची चूक झाली, तरी एखाद्या घरात विनाकारण आकांत उसळेल!

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र काढले. दर्पण म्हणजे आरसा. आज साधने पालटली आहेत. पण जे आहे तेच दाखवावे, हा आरशाचा धर्म वार्ताहराला आजही पाळावा लागतो.