पाण्यावरची मशीद आणि वाऱ्याकडचे घर

मुंबईस जाऊन आलेल्या मनुष्यास आमच्या आर्णीस पहिला प्रश्न समुद्राविषयी विचारतात. गेल्या माघात पुतण्याकडे तीन दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा समुद्र मीही पाहिला. परंतु वाचकांस सांगावयाचे आहे ते दोन इमारतींविषयी, आणि त्यांतील पहिली मशीद आहे. कोणाच्या कपाळास आठी पडल्यास त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, बाबा कंबलपोशांच्या उरुसास जाणाऱ्या आर्णीकरास अशी स्थळे परकी वाटत नाहीत.

मुंबादेवीचे दर्शन घेऊन शेख मेमन मार्गाने मंडईच्या रोखाने निघाले की थोड्याच अंतरावर जुम्मा मशीद लागते. बाहेरून ती एकदम ओळखू येत नाही. सभोवार दुमजली इमारतींचे कडे, खाली दुकाने आणि माणसांची दाटी. पूर्वेच्या दाराने आत जावे तो समोर पाणी! बांधीव पायऱ्यांचे जुने तळे, त्यात मासे व कासवे, आणि पाण्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या सोळा कमानी. त्या कमानींनी वरील बांधकाम तोलून धरले आहे. जागेच्या मूळ धन्याने तळे जसेच्या तसे राखण्याच्या अटीवर ती दिली, असा वृत्तांत आहे. 1775 च्या सुमारास काम निघाले, जागेच्या मालकीचे तंटे उद्भवले, आणि 1802 मध्ये ते पुरे झाले. अट मोडण्यास सत्तावीस वर्षे पुष्कळ होती. पण ती पाळली गेली.

आमच्या कटपयादि पद्धतीत अक्षरांवरून अंक काढतात, तशी अरबी-फारसीतही रीत आहे. या मशिदीचे वर्ष ‘जहाज-ए-आखिरत’ या शब्दांत गोविले आहे. ‘जहाज’चे सोळा व ‘आखिरत’चे बाराशे एक मिळून हिजरी 1217 येते, म्हणजेच इसवी 1802. अर्थ, परलोकीचे जहाज. पाण्यावर उभ्या असलेल्या प्रार्थनामंदिरास याहून समर्पक नाव एखाद्या काव्यशास्त्र्यासही सुचले नसते. बेरीज मी तेथेच बोटांवर करून पाहिली. पुतण्या मात्र घड्याळाकडे पाहत होता.

या तळ्याचे मोल कळण्यास मुंबईचा पूर्वेतिहास आठवावा. धोबी तलाव, सी. पी. टँक ही नावे तेवढी राहिली, तळी बुजली. खुद्द मुंबादेवीचे तळेही राहिले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या भयाने कित्येक विहिरी झाकल्या गेल्या. भय खोटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी नव्या वास्तू पाहण्याचा आग्रह झाला. मरीन ड्राइव्हवरील 1930-40 च्या दशकांतील गोल कोपऱ्यांची घरे मोटारीतून पाहिली. खिडक्यांवरील त्यांचे लांब छज्जे डोळ्यांवरच्या पापण्यांसारखे दिसतात. ओव्हल मैदानाच्या एका अंगाची गॉथिक आणि दुसऱ्या अंगाची आर्ट डेको घडण 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतली. काचेने मढविलेल्या अलीकडच्या मनोऱ्यांविषयी मला लिहावयाचे नाही. ऊन आत घेऊन मग विजेने खोली गार करावयाची, हा व्यवहार मला उमगत नाही.

मन रमले ते पेडर रस्त्याजवळील ‘कांचनजंगा’ पाहून. चार्ल्स कोरिया यांनी योजिलेली ही अठ्ठावीस मजली इमारत 1983 मध्ये पुरी झाली. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही तिकडेच; परंतु दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा यांचाही रोख तोच. जुन्या बंगल्यांनी घराभोवती पडवी घेऊन हा पेच सोडविला होता. कोरियांनी तीच पडवी आकाशात नेली. इमारतीच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीच्या मोकळ्या गच्च्या कोरल्या असून घर त्यांच्या आडोशास मागे सरलेले आहे. आत जाण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. रस्त्यावरून मान दुखेपर्यंत पाहिले. आमच्या आजोबांची ओटी एवढ्या उंचीवर टांगलेली पाहून हसूही आले.

हे सारे लिहिण्यास एक घरगुती कारण आहे. अरुणावतीकाठच्या आमच्या कवेलूच्या वाड्याच्या जागी स्लॅबचे घर बांधण्याचे भावंडांनी ठरविले आहे. वाडा जीर्ण झाला आहे, पावसाळ्यात माजघरात पातेली मांडावी लागतात. तेव्हा त्यास माझा विरोध नाही. मात्र तयार झालेल्या नकाशात चौक नाहीसा झाला असून त्यातील आड बुजवून त्या जागी मोटार ठेवावयाची आहे. आडास वैशाखातही कमरेइतके पाणी असते. सूनबाईंचे म्हणणे असे की, लहान मुले खेळतात, तेथे उघडा आड नको. आणि ते खरे आहे. त्यावर लोखंडी जाळी बसवून भोवती चौक राखल्यास एक खोली कमी होते. ती कोणाची, यावर घरात बोलणे चालू आहे. माझी खोली पूर्वेची आहे. ती सोडून ओटीवर निजण्यास मी तयार आहे, असे धाकट्या भावास कळविले आहे; त्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.