उणे दोन हजार ओळी

1982 साली ॲपलमध्ये ‘लिसा’ या संगणकाचं काम जोरात चालू होतं. कोण किती राबतंय हे कळावं म्हणून व्यवस्थापकांनी एक फॉर्म काढला. प्रोग्रामच्या किती ओळी लिहिल्या, ते दर आठवड्याला त्यात भरायचं. पडद्यावर चित्रं उमटवणारा भाग बिल ॲटकिन्सनकडे होता. त्याने नेमका तेव्हाच त्यातला एक अवघड तुकडा मुळापासून नव्याने लिहिला. तो जवळजवळ सहापट वेगाने पळू लागला, आणि दोनेक हजार ओळी चक्क कमी झाल्या! फॉर्मात त्याने भरलं: उणे 2000. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं.

ओळी नकोत, पैसा मोजू म्हणाल, तर ओपनएसएसएल पाहा. इंटरनेटवरून जाणारे पासवर्ड परक्याला वाचता येऊ नयेत, म्हणून जगातले असंख्य सर्व्हर हीच मोफत प्रणाली वापरत होते. तिला मिळणाऱ्या देणग्या होत्या वर्षाला साधारण 2000 डॉलर, आणि पूर्णवेळ माणूस एकच. एप्रिल 2014 मध्ये तिच्यातला ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. समोरच्याने सांगितलेली मजकुराची लांबी ती तपासूनच पाहत नव्हती. त्यामुळे कुणीही सर्व्हरच्या मेमरीतला भलताच मजकूर उपसू शकत होतं. दोन वर्षं हे भोक तसंच होतं. मग मोठमोठ्या कंपन्यांना खिशात हात घालायचं सुचलं.

मग जे नसेल तर जगाचं अडतं, तेच मोलाचं? हे माप मला सर्वांत खरं वाटायचं. पण 22 मार्च 2016 रोजी अझेर कोचुलू या प्रोग्रामरने एका नावावरच्या वादात एनपीएम या जावास्क्रिप्ट प्रोग्रामांच्या सामायिक भांडारातून आपलं सगळं काम काढून घेतलं. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ होतं. अक्षरांच्या डावीकडे शून्यं किंवा मोकळ्या जागा भरून लांबी सारखी करणं, एवढंच त्याचं काम. ओळी अवघ्या 11! पण बेबेलसारखं बलाढ्य साधन आडवळणाने त्यांच्यावरच टेकलेलं, आणि जगभर प्रोग्रामरांची कामं धडाधड अडली. दोन-अडीच तासांत भांडारवाल्यांनी ते परत जागेवर ठेवलं. नवशिक्यालाही सहज लिहिता येईल असं हे काम. जग अडलं ते त्याच्या थोरवीमुळे नव्हे, ते जिथे बसवलं होतं त्या जागेमुळे.

2017 मध्ये डावीकडे भरण्याची ही सोय जावास्क्रिप्ट भाषेतच आली. लेफ्ट-पॅड आता वापरू नका, असं एनपीएमवर लिहिलेलंही आहे. तरी ते अजूनही डाउनलोड होतंच आहे.